ब्रशची खरखर

माझा डावा हात गेल्या दिवाळीपासून थरथरतो. वाजवताना नाही, थांबला की. म्हणजे जगात एकाच जागी मी धडधाकट असतो, ड्रमसमोर, आणि तेही गाणं चालू असेपर्यंत. डॉक्टरकडे गेलो नव्हतो. परळमध्ये राहून, चहूकडे इस्पितळं असून गेलो नव्हतो, यावरून माझं डोकं कसं चालतं ते कळावं.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या बँडमध्ये स्विंग जॅझ वाजवलं. हॉटेलं, क्लब, लग्नं. कुणीही बोलवावं आणि मी मागे बसून ठेका धरावा. गेल्या पावसाळ्यात पहिल्यांदा माझ्या नावावर रेकॉर्डिंग ठरलं. पियानो, डबल बास आणि मी. तिघांनी एकाच खोलीत एकत्र वाजवायचं, त्यामुळे एकाचं चुकलं की तिघांचं वाया. हा हट्ट माझाच. केला तेव्हा हात बरा होता.

स्टुडिओ एका जुन्या गिरणीच्या आवारात. दुपारपर्यंत जलद गाणी झाली. त्यांची भीती नव्हती. भीती होती ती शेवटच्या, संथ गाण्याची. त्यात काठ्या बाजूला ठेवून तारांचे ब्रश घ्यायचे आणि डाव्या हाताने ड्रमच्या कातड्यावर गोल गोल फिरवत राहायचं. हे मी लालबागच्या चाळीत वर्तमानपत्रावर शिकलो. वडील रात्रपाळी करून दिवसा झोपत. काठी आपटली असती तर तीच माझ्या पाठीत बसली असती.

"रोलिंग," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला. मी ब्रश कातड्यावर टेकवला, वन-टू मोजायला तोंड उघडलं, तेवढ्यात हेडफोनमध्ये आवाज आला, "एक मिनिट. काहीतरी खरखरतंय."

मला लगेच कळलं. टेकलेला ब्रश थरथरत्या हाताबरोबर कातड्यावर घासत होता.

एसी बंद केला. केबल बदलली. पियानो वाजवणाऱ्या मुलीने कानातले डूल काढून ठेवले. "सॉरी हां काका, माझंच असेल," म्हणाली बिचारी. मी मान डोलावली. लाज वाटली, तरी डोलावलीच. हात मांडीखाली दाबून बसलो आणि घामाने भिजलो. खरं सांगितलं असतं तर त्या क्षणापासून मी पेशंट झालो असतो, आणि पेशंटच्या ठेक्यावर कोण भरवसा ठेवून वाजवतं?

बास वाजवणारा माझा जुना मित्र, गिरगावचा. तो माझ्या मांडीकडे बघत होता.

"ए, तू मोजू नकोस," तो म्हणाला. "मी सुरू करतो. तू मागून ये."

मोजायचं लीडरने, अशी रीत आहे. एरवी मी भांडलो असतो. आज गुपचूप ब्रश ड्रमच्या आड धरला. त्याने एकट्याने सुरुवात केली आणि मी चालत्या गाण्यात हात घातला. हात शहाण्यासारखा फिरू लागला.

दोघं फार छान वाजवत होते म्हणे. मला काही ऐकू येत नव्हतं, फक्त शेवट दिसत होता. शेवटचा सूर पूर्ण विरेपर्यंत तिघांनी पुतळ्यासारखं बसायचं असतं. माइक तेव्हा श्वाससुद्धा पकडतो. ब्रश टेकून ठेवावा तर खरखर. उचलावा तर हात दिसणार, कारण शेवटाची खूण मी द्यायची होती आणि दोघांचे डोळे माझ्यावरच असणार होते.

मी मानेने खूण केली. ते थांबले. मी थांबलोच नाही. फिरवत राहिलो, हलके, आणखी हलके, पियानोचा सूर विरला तरी. रेकॉर्डिंगचा लाल दिवा विझला तेव्हाच ब्रश टाकला.

"काका, काय शेवट सुचला तुम्हाला!" मुलगी म्हणाली. "हाच ठेवायचा."

मी हसलो.

सामान आवरल्यावर मित्राने माझ्या झांजांची बॅग स्वतःच्या खांद्यावर टाकली. गेटबाहेर आलो. समोरच्या इस्पितळात संध्याकाळची ओपीडी सुरू होती.

"दाखवलंस कुणाला?" त्याने विचारलं.

"म्हटलं, रेकॉर्डिंग होऊन जाऊ दे."

"झालं की आता."

हात खिशात थरथरत होता. "मला भीती वाटते रे," मी म्हणालो.

त्याने बॅग सावरली आणि तो रस्ता ओलांडायला लागला. माझ्या झांजा त्याच्या खांद्यावर होत्या. मी मागून गेलो.