तोंडाने कापणारा कटर

आवाज थांबले की माणूस बरा झाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या खडूला भेटावं. खडू म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. शिंप्याच्या दुकानात कटर. खिशात सदा खडूचा तुकडा आणि धुवायला टाकलेल्या प्रत्येक पॅंटमध्ये त्याचा चिखल, म्हणून हे नाव. भाऊ गेल्यापासून वहिनी, मी आणि तो अशी तिघं एका घरात राहतो.

ऐन उमेदीत त्याला आवाज ऐकू येऊ लागले. भिंतीतून, नळातून, शिलाई मशीनमधून. तो त्यांना उत्तरं द्यायचा, कधी हात जोडून गप्प बसायला सांगायचा. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया म्हणून सांगितलं, आणि सांगताना आढेवेढे घेतले नाहीत हे मला आवडलं. गोळ्या सुरू झाल्या, आवाज गेले. वहिनीच्या जिवात जीव आला. पण डोकं काही जागेवर आलं नव्हतं. तीन कामं सांगितली की एक लक्षात राही. दूध आणायला निघालेला हा जिन्यात थांबून आपण कशाला निघालो ते आठवत उभा असे. शेजाऱ्यांनी निदान केलं, आळशी झालाय. शेजाऱ्यांना निदान करायला शिकावं लागत नाही.

दुकानाच्या मालकांना सगळे मास्तर म्हणतात. भला माणूस. त्यांनी खडूला परत कात्री दिली, आणि त्याने चौकड्यांच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. चौकड्यांचं कापड दुहेरी घडीत कापत नाहीत, रेषा जुळत नाहीत. एकेरी पसरायचं, पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून एक बाही कापायची, मग तोच फर्मा पालथा घालून दुसरी. खडू पालथा घालायला विसरला. मशीनवरचा म्हातारा कारागीर म्हणाला, दोन डाव्या हातांचं गिऱ्हाईक कुठे मिळालं तर जन्मभर आपलंच. खडूसुद्धा हसला. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी त्याला काज-बटणाच्या कोपऱ्यात बसवलं.

त्या कोपऱ्यात तो बरेच महिने मुकाट बसला. मग एकदा जेवताना म्हणाला, "आत्या, मी कटर होतो."

हा ‘होतो’ मला अजिबात खपला नाही. दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टरांच्या दारात. ते म्हणाले, हाड जुळलं तरी हात लगेच चालत नाही, व्यायाम लागतो, तसाच लक्षाचा आणि आठवणीचाही व्यायाम असतो. मग आधी का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी त्या प्रशिक्षणासाठी चिठ्ठी लिहून दिली.

प्रशिक्षणाची खोली दवाखान्याच्याच वरच्या मजल्यावर होती. लांब टेबल, दोन कॉम्प्युटर, खिडकीत सुकायला ठेवलेले कपबशांचे जोड. शिकवणाऱ्या बाई तरुण होत्या, पण गोड बोलून वेळ काढणाऱ्यांतल्या नव्हत्या. सुरुवातीला पडद्यावरचे आकार लक्षात ठेवणं, चित्रं क्रमाने लावणं असलं चाललं. मला ते बालवाडीसारखं वाटलं आणि मी तसं म्हटलंही. बाई म्हणाल्या की बरोबर आहे, नुसते आकार लावून पोट भरत नाही, यातलं कामावर काय न्यायचं ते त्यालाच विचारू. खडूने पिशवीतून बाहीचा फर्मा काढला. तो घेऊनच आला होता, शहाणा.

मग खरी तालीम सुरू झाली. हात हलवायच्या आधी काय करायचं ते मोठ्याने म्हणायचं. ‘डावी बाही. कापली. आता थांब. फर्मा उचल, पालथा घाल. उजवी.’ पुढे हळू आवाजात, त्याच्याही पुढे मनातल्या मनात, असा क्रम. जुन्या वर्तमानपत्रांच्या शेकडो बाह्या झाल्या. त्याची गाडी अजून मोठ्या आवाजाच्या टप्प्यावर असतानाच मास्तर कबूल झाले, सोमवारी एक कोट कापून दाखव, जमला तर टेबल तुझं. नाहीतर पुन्हा विषय काढायचा नाही.

रविवारी तो मागच्या खोलीत दार लावून सराव करत होता. वहिनी दारावरून गेली. आत मुलगा एकटा, आणि बोलतोय. ‘थांब. उचल. पालथा घाल.’ दुसऱ्या कुठल्या आईला वाटलं असतं, पाठांतर चाललंय. मोठ्याने म्हणायची तालीम हिला कोणी सांगितलीच नव्हती; हिच्या पायाखालची जमीन सरकली. मला विचारलं असतं तर एका वाक्यात सांगितलं असतं. पण मी फाडकन बोलते म्हणून मला वगळून तिने मास्तरांना फोन केला, की त्याचं पुन्हा सुरू झालंय, पाया पडते, त्याच्या हातात कात्री देऊ नका.

सोमवारी मी कोटाचं अस्तर बदलायचं निमित्त काढून बरोबर गेले. मास्तरांनी कात्री खणात घातली होती. त्यांनी मान खाली घालून सांगितलं, घरून फोन होता. खडूचा चेहरा उतरला. मी तोंड उघडणार, तोच त्याने मला हाताने थांबवलं.

"मास्तर, तेव्हा दुसरं कोणीतरी सांगायचं आणि मी ऐकायचो," तो म्हणाला. "आता मी सांगतो, हात ऐकतो. तुमच्यासमोर सांगतो. चुकलं तर मीच कात्री परत ठेवतो."

मास्तरांनी टेबल रिकामं केलं. मग खण उघडला आणि वर चौकड्यांचंच कापड पसरलं. त्यांनाही बघायचंच होतं.

खडू खणखणीत आवाजात कापू लागला. कोटाची पाठ कापून झाली, पुढचे दोन भाग झाले. मशीनवाल्याने विचारलं, हा कोट शिवायचाय की लिलावात काढायचाय? खडूने लक्ष दिलं नाही. डावी बाही झाली. त्याने फर्मा उचलला, सरकवला आणि तसाच सुलटा ठेवला. खडूची रेघसुद्धा ओढायला घेतली. तेवढ्यात त्याच्याच तोंडून आलं, ‘पालथा घाल.’ हात थबकला. त्याने फर्म्याकडे पाहिलं, अर्धी रेघ झटकली, फर्मा पालथा घातला आणि मग उजवी बाही कापली.

मास्तरांनी दोन्ही बाह्या उचलून समोरासमोर धरल्या. जोडी होती. ते एवढंच म्हणाले की टेबल घे, पण या दुकानात कापताना तोंड बंद ठेवलंस तर याद राख.

घरी आल्यावर वहिनीला मी चार शब्द सुनावणारच होते. तिने ती संधी दिली नाही. ती रडत म्हणाली, "वन्सं, मला कसं कळायचं हो, कोणतं बोलणं चांगलं नि कोणतं वाईट?"

प्रश्न रास्त होता. उत्तर खडूने दिलं.

"आई, विचारत जा ना," तो म्हणाला. "फोन मास्तरांना कशाला? मी घरातच असतो."

परवा मागच्या खोलीतून पुन्हा पुटपुट आली. वहिनी कांदा चिरत होती. सुरी थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, सरळ हाक मारली.

"कोणाशी बोलतोयस रे?"

"कॉलरशी."

"उत्तर देते का?"

"अजून तरी नाही."

"दिलं तर सांगशील?"

"पहिलं तुलाच."

वहिनीने पुढचा कांदा घेतला.