भावकीची पाणी समिती

आमच्या जत भागातल्या पाणी समितीत सहा माणसं. पाच पुरुष एकाच भावकीतले, सहावी मी, बाईची जागा भरावीच लागते म्हणून सचिव केलेली. अध्यक्ष माझे थोरले दीर, आबा. त्यांच्यासमोर धाकट्या भावजयीनं तोंड उघडायचं नाही ही आमच्याकडची रीत, म्हणून ते सांगतील तो ठराव मी निमूट लिहायची. त्यांनी मान हलवली की बाकी चौघांच्याही हलायच्या. त्याला हे लोक एकमत म्हणायचे. डोंबलाचं एकमत!

गेल्या उन्हाळ्यात पाइपलाइनच्या शेवटाला पाणी पोचेना. मोटर तपासली, दुसरी बसवली, तरी तेच. शेवटाला दोनच बागा, एक माझी आणि तिच्याही पुढं मेंढरं राखणाऱ्या एका बाईची. तिनं आयुष्यात पहिल्यांदाच डाळिंबाची रोपं लावलेली, हंड्यानं पाणी घालून जगवत होती. ती मला म्हणाली, "वैनी, वड्याच्या वळणाला ह्या उन्हात हिरवंगार गवात हाय. मेंढरं तितनं हलत न्हाईत. पाइप तितंच फुटलाय बगा."

मला पटलं. त्या आठवड्यात सभेला गेले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गप्प बसले. याची मला आजही लाज वाटते.

आठ दिवसांनी पुढच्या सभेत दिरांनी ठराव सांगितला, पाणी पोचतच नाही तर शेवटच्या दोन्ही बागांचं पाणी बंद. चार माना हलल्या. माझं डोकंच फिरलं. वही मिटली आणि म्हणाले, "आबा, ह्यो ठराव मी लिहिणार न्हाई. आदी वड्याला चला. पाइप कुटं फुटलाय ते ती मेंढरंवाली दावंल."

एक जण पुटपुटला, आता मेंढरामागची बाई आपल्याला पाइप शिकवणार. मी म्हटलं, तुमच्या पाच जणांत मिळून डोकं एकच हाय, दुसरं लागंलच की.

ओढ्याला तिनं काठी टेकवून जागा दाखवली. दोन हात खणल्यावर सांधा सुटलेला पाइप दिसला. दिरांनी लगेच गडी बोलावून सांधा जोडून घेतला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही बागांत पाणी आलं. पण तिची निम्मी रोपं आधीच्या आठ दिवसांत वाळून गेली होती. मी गप्प बसले ते आठ दिवस. ती मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता ती सभेला येते, पुढं बसते, दिरांचं बोलणं मधेच तोडते. भावकीला खपत नाही. न खपू दे. तिची वाळलेली रोपं आम्ही दोघींनी मिळून उपटलीत. आता मला गप्प बसायला सांगून तर बघा.