आधी पदर, मग खोकला

सुरुवातीलाच सांगते, मी असल्या गोष्टींना हसणारी बाई आहे. एसटीत कंडक्टर आहे. मुरबाड तालुक्यातल्या आणि शहापूरकडच्या गाड्यांवर इतकी वर्षं काढली... कुठल्या वळणावर कोण उभं असतं, कुठल्या चिंचेखालून हाक येते, सगळं पॅसेंजरांनी ऐकवून झालंय. माझं उत्तर एकच — तिकीट काढणार असेल तर येऊ दे आत! तेव्हा पुढचं वाचून कृपा करून "ताई, घराची शांत करून घ्या" अशा कमेंट टाकू नका. झालं तसं सांगते, बस.

आमचं घर मुरबाड-धसई रस्त्यावरून आत गेलं की पाड्यात. घरात माणसं चार. आमचे हे, यांचं धसईला मोटार वायंडिंगचं दुकान आहे. मुलगी मयुरी, बारावी झाली, आता पोलीस भरतीसाठी रोज सकाळी धावते. मी. आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आये. आमच्याकडे आयेला अहो-जाहो करत नाहीत, तेव्हा इथेही करत नाही.

आये ठार बहिरी आहे. कानाचं मशीन आणून दिलं तर "कानात भुंगा फिरतो" म्हणून काढून डबीत टाकलं. त्या डबीत आता सुपारी असते. मागच्या गणपतीत डीजेची गाडी आमच्या पडवीला लागून उभी होती, मांडणीवरची भांडी थरथरत होती आणि आये गाढ झोपेत घोरत होती. तिच्याशी बोलायचं तर समोर जाऊन खाणाखुणा करायच्या. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

माझा त्रास सुरू झाला तो खोकल्याने. म्हणजे मला तसं वाटलं. चालत्या गाडीत उभं राहायचं, दिवसभर धूळ खायची, खोकला येणारच. पण हा खोकला वेगळा होता. कफ नाही, खवखव नाही. आधी छातीत काहीतरी चुकायचं... गाडी स्पीडब्रेकरवरून उडते तेव्हा पोटात खड्डा पडतो ना, तसा छातीत पडायचा. मग एक दणका. आणि त्या दणक्याबरोबर कोरडा ठसका. कधी एकच, कधी लागोपाठ इतके, की तिकिटाचं मशीन हातात धरवत नसे. मुरबाडच्या डॉक्टरांनी औषधाची बाटली दिली. ती संपली, दुसरी दिली. आमचे हे म्हणाले, "तुझं एक वायंडिंग जळलंय, दुकानात आण." मीही हसले. डेपोत मात्र कोणाला सांगितलं नाही. मेडिकलला पाठवतील आणि गाडीवरून उतरवतील, ही भीती होतीच.

आयेचं प्रथम मयुरीच्या लक्षात आलं. आये लुगडं नेसते, पदर कमरेला खोचलेला. डोक्यावर पदर घेणं तिनं कधीच सोडलंय. घेणार कोणासमोर? तिच्यापेक्षा मोठं माणूस आता पाड्यात उरलेलं नाही. तर एका रविवारी आये पडवीत बाहेर तोंड करून वाल सोलत बसली होती, मी मागे आत भाकऱ्या थापत होते. मयुरी हळूच येऊन म्हणाली, "मम्मी, तू खोकलीस की आये डोक्यावर पदर घेते."

"हट्! तिला ऐकू येतं का?"

"अगं तेच तर म्हणते ना!"

मग आम्ही तिची गंमतच सुरू केली. मी मागे उभी राहून खोटं खोटं खोकले. काही नाही, आये शेंगा सोलतेय. यांना तेव्हा सर्दी झाली होती, घर डोक्यावर घेऊन खोकत होते. तरी काही नाही. मयुरी म्हणाली, आता तुझा खरा येऊ दे. जणू स्टोव्हसारखा पंप मारला की पेटणार होता! पण संध्याकाळी आला. हे आयेच्या शेजारीच चहा पीत बसले होते, मी त्या दोघांच्या मागे. माझ्या छातीत खड्डा पडला, दणका बसला, मी खोकले, पाणी प्यायले. पाहते तर हे कप तसाच हातात धरून आयेकडे बघतायत.

"तू नंतर खोकलीस," हे म्हणाले. "आधी तिनं पदर घेतला."

त्या दिवसानंतर यांनी वायंडिंगचा विनोद केला नाही.

पदर घेताना आये दरवेळी पुटपुटायची, "मामंजी आले." पदर दातात धरायची, अंग चोरून भिंतीकडे तोंड करायची. माझं आतलं थाऱ्यावर आलं की पदर आपोआप खांद्यावर उतरायचा आणि बाई पुन्हा कामाला लागायची. मामंजी म्हणजे सासरा, म्हणजे यांचे आजोबा. यांनीसुद्धा त्यांना पाहिलेलं नाही, घरात फोटोही नाही.

मी वैतागले. घरात हे असं चाललंय म्हटल्यावर एकदाचा सोक्षमोक्ष लावू, म्हणून कल्याणला हार्टच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. कार्डिओग्राम काढला. एकदम नॉर्मल! तिथे असताना ना खड्डा पडला ना खोकला आला, दुखणंसुद्धा सरकारी कामासारखं, बघायला माणूस आला की गायब. बाई म्हणाल्या, परत झालं तर या, चोवीस तासांचं मशीन लावून बघू. मी "हो हो" म्हणाले आणि पुन्हा गाडीवर चढले. नॉर्मल म्हणजे नॉर्मल, झालं.

मग म्हसा गावच्या जत्रेचे दिवस आले. जादा गाड्या, दारात लोंबकळणारे लोक, घसा फुटेस्तोवर "आत सरका" म्हणायचं. एका दुपारी ड्युटी संपवून घरी आले. घरात आये एकटीच, माझ्याकडे पाठ करून सुपात तांदूळ पाखडत होती. मी खांबाला टेकून बसले. आयेनं सूप खाली ठेवलं आणि पदर घेतला. मी मनात म्हटलं, घ्या, आता येणार. आणि आला. एक नाही, दोन नाही, थांबेचना. छातीत कोंबडं फडफडावं तसं चाललेलं, खोकून खोकून डोळ्यांपुढे अंधारी, हातापायांना घाम. ओरडायलाही दम नव्हता, आणि ओरडून तरी काय उपयोग? घरात बहिरी म्हातारी.

ती उठली. नेहमी भिंतीकडे तोंड करते, या वेळी वळली. पदर डोक्यावर तसाच. माझ्यासमोर बसली, माझं मनगट धरलं. आणि बोलली. एरवी दिवसाकाठी चार शब्द बोलणारी बाई...

"मामंजी असेच खोकायचे. आमी म्हनायचो, काय रीतीचा मानूस! सुनांना कळावा म्हनून खाकरून येतो. विहिरीवर खोकायचे, खळ्यावर एकटे बसले तरी खोकायचे. कोनाला काय वाटलाच नाय. मी नवी होते. भाकर घेऊन शेतावर गेले. बांधाच्या पल्याड खोकले, म्हनून मी पदर घेतला नि पाठ करून उभी ऱ्हायले. त्यांनी हाक मारल्याशिवाय पुढं कशी जानार? खोकला थांबला. हाक आली नाय. मी उभीच... भाकर हातात वाळली गो. मागून जाऊबाय आली, तिनं बघितला. तवर सगळा संपला होता."

मला रडू आलं की घाम होता, कळलं नाही. आयेच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतं. राग होता.

"तवा मी उभी ऱ्हायले. आता नाय ऱ्हानार. ऊठ. दवाखान्यात चल."

उठवेना, तर म्हातारीने अंगणात जाऊन अशी काही आरोळी ठोकली की पाडा गोळा झाला. शेजारच्या जीपवाल्याने आम्हाला कल्याणला नेलं. हे धसईहून मागोमाग बाइकवर आले. जीपमध्ये आयेनं माझं मनगट सोडलं नाही आणि पदरही उतरवला नाही.

या वेळी मशीनवर सगळं उमटलं. डॉक्टरीणबाईंनी ॲडमिट करून घेतलं. त्यांचं सांगणं सोपं होतं — हृदयाचा एखादा ठोका मध्येच आगाऊ पडतो, त्यानेच खोकला उठतो, फुप्फुसं चांगली आहेत. तुमचे असे आगाऊ ठोके लागोपाठ पडत होते, ते आवरले नसते तर कठीण होतं, वेळेवर आलात. गोळी सुरू झाली. घरी आल्यावरही आयेचा पदर डोक्यावरच. मी रोज सकाळी उठून आधी तो बघायचे. गोळी अंगी लागली, खड्डे कमी झाले, आणि एका सकाळी आये पदर कमरेला खोचून चुलीपुढे फुंकणी फुंकताना दिसली. तिला मिठीच मारली. "काय येड लागला का गो?" म्हणाली.

आता एक्स्प्लनेशन. खोकल्याचं आहे, डॉक्टरांनी दिलं, मला पटलं. पदराचं नाही. बहिऱ्या माणसाला जमिनीचा हादरा कळतो म्हणाल, तर हादरा खोकल्याचा, आणि पदर त्याच्या आधी. खोट्या खोकल्याला नाही, सर्दीच्या खोकल्याला नाही. बरं, मामंजींचं दुखणं अंगात यायला मी काही त्यांच्या रक्ताची नव्हे, मी शहापूरची लेक! आयेला खुणेनं विचारलं, तुला कळतं कसं? ती म्हणाली, "मामंजी आले की सुनेला कळतो. त्यात काय?" डॉक्टरीणबाईंना सांगितलं, त्या हसल्या. मीही आधी हसतच होते.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण वेगळं आहे. गोळी चालू आहे, मी ठणठणीत आहे, डेपोलाही सगळं सांगून पुन्हा गाडीवर आहे. काल सकाळी मी चहा गाळत होते. आये माझ्यासमोर बसून शेकत होती, दाराकडे तिची पाठ. तिनं पदर घेतला. मी गाळणं खाली ठेवलं आणि छातीवर हात धरला. वाट बघितली... छातीत काही नाही. सगळं जागच्या जागी.

तेवढ्यात मयुरी रोजचं धावणं उरकून आली. दारातच वाकली, गुडघ्यांवर हात ठेवले आणि खोकली. कोरडं, एकदाच.

"काय झालं गं?"

"काही नाही मम्मी, रस्त्याची धूळ आहे."

रात्रभर भांडली माझ्याशी. भरतीचं ग्राउंड तोंडावर आलंय, मला काय धाड भरलीय, आयेच्या नादाला लागून तूपण अंधश्रद्धाळू झालीस. मी म्हटलं, हो, झाले, ऊठ. वायंडिंगवाले सकाळी जीप सांगायला गेले. आये आमच्या आधी चपला घालून अंगणात उभी होती.

आता कल्याणला दवाखान्याच्या बाकावर बसून हे मोबाइलवर लिहितेय. मयुरीचा कार्डिओग्राम नॉर्मल आला. ती विजयी चेहऱ्याने "चला घरी" म्हणतेय. मी चोवीस तासांचं मशीन लावायला सांगितलंय, त्यावरून फुगून बसलीय. आये तिच्या शेजारी बसून आहे, पोरीचं मनगट धरून. पदर अजून डोक्यावरच आहे. तो खाली येईपर्यंत मी या पोरीला ग्राउंडवर सोडणार नाही, रिपोर्ट काहीही म्हणो.