न दुखणारे दात

दातांच्या दवाखान्यात टेबलावर ‘चौकशी’ अशी पाटी होती आणि तिच्यामागे बसणाऱ्या ताई त्या पाटीला जागणाऱ्या होत्या. कोणता दात दुखतोय हे विचारून झालं की काम काय करता, घरी कोण असतं, हल्ली गाडी अडलीय कुठे, हेही त्या विचारून घेत. सगळं गाव त्यांना चौकशीताईच म्हणायचं. पाण्याच्या खात्यात असलेल्या त्यांच्या नवऱ्याचं म्हणणं असं, की लोकांच्या तोंडात डोकावायचे पैसे डॉक्टरबाईंना मिळतात, ही मात्र फुकट डोकावते.

डॉक्टरबाईंचा हात हलका, पण गती गोगलगायीची. त्यांची एक दाढ होईपर्यंत बाहेर बसलेल्यांचा अख्खा पेपर वाचून व्हायचा, अगदी ‘हरवले-सापडले’सकट. मग माणसं एक तर छताकडे बघत, नाही तर ताईंशी बोलत.

ताईंचा मुलगा शिक्षण संपताच मोठ्या शहरात गेला होता. इथे करण्यासारखं काही नाही, असं जाताना म्हणाला होता. ते ताईंना कुठेतरी लागून राहिलं होतं. त्यामुळे इथेच राहून कोणी काही नवं करतोय असं ऐकलं, की त्यांचे कान टवकारायचे.

असाच एक तरुण अक्कलदाढ धरून आला. छतावरच्या टाक्या आतून धुणारं यंत्र त्याने बनवलं होतं, पण त्यातली रबरी रिंग सारखी फाटायची आणि यंत्र टाकीपेक्षा माणसालाच जास्त धुवायचं. समोरच्या खुर्चीत गाल टम्म सुजलेल्या एक बाई होत्या. गावाबाहेर त्यांचा रबरी वायसरांचा कारखाना. ताई त्यांना म्हणाल्या, “तुम्ही जरा इकडे बसा. तिथे पंख्याचा वारा थेट दाढेला लागतो.”

कारखानदारबाई तरुणाशेजारी येऊन बसल्या. तोंड उघडता येत नसल्यामुळे त्यांना त्याचं सगळं ऐकून घ्यावं लागलं. एरवी दुसऱ्याच वाक्याला आपण त्याला वाटेला लावलं असतं, हे पुढे त्यांनीच कबूल केलं. नंबर लागला तेव्हा त्यांनी त्याच्या हातातली फाटकी रिंग पर्समध्ये टाकली आणि बोटाने खूण केली, उद्या ये.

यंत्र गळायचं थांबलं. पहिलं गिऱ्हाईकही ताईंनीच गाठून दिलं, म्हणजे त्या राहतात तीच इमारत. पाण्याचं खातं म्हणून नवऱ्याला टाकीवर चढावं लागलं. खाली उतरल्यावर तो यंत्राबद्दल चांगलं बोलला आणि बायकोबद्दल काही बोलला नाही.

हळूहळू दवाखान्यात धडधाकट दातांची माणसं येऊ लागली. डॉक्टरबाई बुचकळ्यात पडल्या. काहीच सापडेना, तेव्हा त्या प्रत्येकाचे दात साफ करून पाठवू लागल्या.

दर वेळी जमायचंच असं नाही. शाळेची बस कुठवर आली हे पालकांना कळवणारं अ‍ॅप करणाऱ्या दोघांना ताईंनी मोठ्या हौसेने शेजारी बसवलं. दोघांचं अ‍ॅप तंतोतंत एकच निघालं. दोघांनी आपापले मोबाईल छातीशी धरले आणि नंबर येईपर्यंत दोन वेगवेगळ्या भिंती बघितल्या. ताईंना त्या दुपारी डबा गोड लागला नाही.

खरी पंचाईत मात्र यशामुळे झाली. कॉम्प्युटरवाली एक मुलगी आणि बँकेतली नोकरी सोडलेला तिचा भागीदार, दोघांची ओळख याच खोलीत झालेली. त्यांनी नंबर लावायचं अ‍ॅप काढलं. आपली वेळ झाली की मोबाईल वाजणार, ताटकळायचं कामच नाही. पण ते घ्यायला कोणी तयार होईना. ताईंनी डॉक्टरबाईंच्या मागे लकडा लावला. “आपल्याच पोरांचं आहे. आपणच नाही वापरलं, तर बाहेरचे कशाला वापरतील?”

डॉक्टरबाईंनी ते घेतलं. मग शेजारच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी घेतलं, पार्लरवालीने घेतलं. सगळे खूश. फक्त दवाखान्याची बाहेरची खोली ओस पडली.

ताई मग पेशंटना गुपचूप फोन करून लवकर बोलावू लागल्या. काही दिवसांनी कॉम्प्युटरवाली चेहरा पाडून आली. अ‍ॅपमध्ये बिघाड झालाय, म्हणाली. लोक वेळेच्या कितीतरी आधी येऊन बसतात, शोधून शोधून थकलो, चूक काही सापडत नाही. ताईंची दातखीळ बसली. शेवटी त्यांनी, माणसांची एकमेकांशी गाठ पडावी म्हणून आपणच त्यांना लवकर बोलावतो, हे सांगून टाकलं, आणि नेमक्या त्याच वेळी डॉक्टरबाई हात पुसत बाहेर आल्या.

त्यांनी आधी हात पुसून घेतले. मग म्हणाल्या, “म्हणजे ते सगळे न दुखणारे दात...”

“हो,” ताई म्हणाल्या.

“त्यातल्या एकाचा मी एक्स-रे काढलाय.”

मुलगी हसू दाबायला खिडकीकडे वळली. डॉक्टरबाईंनी खणातून जादा किल्ली काढून टेबलावर ठेवली. “गुरुवारी दवाखाना बंद असतो, तेव्हा ही खोली वापरा. आतल्या खुर्चीला कोणी हात लावायचा नाही. आणि ताई, दुखत असलेल्या माणसाला मुद्दाम बसवून ठेवायचं नाही. त्या कामाला मी एकटी पुरेशी आहे.”

ताईंनी अ‍ॅपवरूनच निरोप धाडला : गुरुवारी दवाखान्यात या, दातांचं काही नाही. दातांच्या दवाखान्यातून असा निरोप आल्यावर निम्मी माणसं घाबरूनच आली. खालच्या शिंप्याने बाकडी वर चढवून दिली आणि मग त्यातल्याच एकावर बसला. कारखानदारबाईंचा गाल आता उतरला होता, त्यामुळे त्या दुसऱ्या कोणाला बोलू देईनात. बसवाले दोघेही आले. तिथेच आलेल्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांचं ऐकून घेतलं आणि सकाळची शाळा एकाला, दुपारची दुसऱ्याला देऊन टाकली. आधी वापरून बघते, मग बोलू, म्हणाल्या.

पुढे खोली पुरेना, तेव्हा कारखानदारबाईंनी गोदामाचा एक कोपरा रिकामा करून दिला. ताईंचा मुलगा मात्र शहरातच राहिला. तिथलं काम त्याला मनापासून आवडतं, असं त्याने सांगितलं, आणि ताईंनी ते पटवून घेतलं.

हल्ली कोणाला परवान्यासाठी कचेरीत न्यायचं असलं, तर ताई रजा टाकून स्वतः बरोबर जातात. परवा अशाच त्या गेल्या होत्या, म्हणून डॉक्टरबाई टेबलाशी बसल्या. एक आजी आल्या आणि ताई कुठायत म्हणून विचारू लागल्या. आज नाहीत, असं कळल्यावर पिशवी उचलून निघाल्या. दाढ काय, उद्याही काढता येईल, म्हणाल्या. त्यांना नातीच्या धंद्याचं बोलायचं होतं.