पारनेरचं खळं आणि माझी तक्रार

शैलानं पारनेरला चल म्हटलं तेव्हा मी लगेच हो म्हणाले. पटिंग सुधारायचं म्हणून नव्हे, तिची लबाडी पकडायची म्हणून.

आधी थोडं सांगते, म्हणजे गोल्फ न खेळणाऱ्यांनाही कळेल. आम्ही दोघी पुण्यात राहतो, साठीला टेकलोय आणि गेली अकरा वर्षं दर बुधवारी सकाळी एकत्र खेळतो. मी बँकेतून निवृत्त झाले, शैला शाळेत गणित शिकवायची. गोल्फमध्ये पहिला लांबचा फटका सगळ्यांना आवडतो, पण खरी फजिती शेवटी होते, ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर. तिथं पटर नावाच्या काठीनं चेंडू हळूच लोटून भोकात घालायचा. हे पटिंग, आणि असा प्रत्येक फटका म्हणजे पट. आम्ही दोघी त्यात सारख्याच वाईट होतो आणि खरं सांगायचं तर आमच्या मैत्रीला त्याचा बराच आधार होता.

दिवाळीनंतर शैलाचे पट भोकात पडायला लागले. आठ फुटांवरून, दहा फुटांवरून, उतारावरूनही. महिलांच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत तिनं मला एका फटक्यानं हरवलं. त्या दिवशी सातव्या होलवर मी काहीतरी पाहिलं होतं. ग्रीनवर आपला चेंडू दुसऱ्याच्या वाटेत नको म्हणून तो उचलून जागेवर नाणं ठेवतात. माझा पट चुकला, मी वळले, तर शैलाचं नाणं असायला हवं होतं तिथून चार बोटं सरकलेलं. दुपारी घरी आल्यावर मी स्पर्धा सांभाळणाऱ्या बाईंना मेसेज केला की शैला नाणं हलवते. माझं नाव कुणाला सांगू नका, असंही लिहिलं.

चार दिवसांनी शैलाचा फोन. कुणीतरी तिची तक्रार केली आहे, सोमवारी निर्णय, तोवर अंतिम सामना थांबवला आहे, असं ती सांगत होती आणि त्याच दमात म्हणाली, "शुक्रवार ते रविवार मोकळी आहेस ना? मी पटिंग कुठं शिकले ते दाखवते तुला."

मला वाटलं, हिला माझा संशय आला आहे आणि आता ही पुरावा उभा करणार.

शुक्रवारी सकाळी सहाला तिच्या गाडीनं निघालो. नगर रस्त्यानं जाणार असाल तर वाघोली उजाडायच्या आत मागं टाका, नाहीतर तासभर तिथंच जातो. शिरूरला मिसळ खाल्ली, तिखट आणि चांगली. घोड नदीचा पूल ओलांडला की अहिल्यानगर जिल्हा लागतो, लोक अजून नगरच म्हणतात. पुढं रस्ता मोकळा आणि मोठा. जानेवारीतली हवा, दोन्हीकडे ज्वारी कमरेच्या वर आलेली, लांब डोंगरावर पवनचक्क्या. सुप्याला डावीकडं वळलं की पारनेर अर्ध्या तासात.

हे सगळं बघायला मला फुरसत नव्हती. मी शैलाकडं बघत होते. वाटेत तिचा फोन तीनदा वाजला, तिन्ही वेळा तिनं नाव बघून कट केला. महिन्यातून दोनदा पारनेरला जाते असं फोनवर म्हणालेली ही बाई, सुप्याला तिनं टपरीवर रस्ता विचारला. मी म्हटलं, तुला तर पाठ असेल ना रस्ता. ती म्हणाली, एरवी मी एसटीनं येते, झोपून. उत्तर तयारच असल्यासारखं आलं.

पारनेरमध्ये स्टँडजवळच्या लॉजवर सामान टाकलं. खोली हजार रुपयांत, चादरी स्वच्छ, गरम पाणी फक्त सकाळी सात ते आठ. तिथून गाडीनं पंधरा मिनिटांवर एक वाडी आहे. तिचं नाव मी लिहीत नाही. जिच्याकडं आम्ही गेलो तिनंच तसं सांगितलं आहे.

तिचं नाव कमलताई. दारात उभी होती, पासष्टीची, काटक, डोक्यावर पदर. मला बघून म्हणाली, "या बाई. तुमी निळी टोपी घालायच्या."

मी चपापले. ही मला कशी ओळखते? शैलानं आधीच सगळं पढवून ठेवलंय, असं मनात आलं. मग कळलं की कमलताईनं आमच्याच मैदानावर वीस वर्षांहून जास्त काम केलं होतं. ग्रीनवर उकिडवं बसून विळ्याच्या टोकानं तण काढणाऱ्या बायका असतात, त्यांच्यातली ती एक. आम्ही आलो की त्या उठून बाजूला व्हायच्या आणि आम्ही खेळून पुढं गेलो की परत बसायच्या. शैला त्यांच्याशी बोलायची. मी नऊ वर्षं कमलताईसमोरून गेले आणि मला तिचा चेहराही आठवत नव्हता. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याची वॉचमनची नोकरी सुटली आणि दोघं गावी परतली.

तरी माझा संशय गेला नाही. तण काढणारी बाई पटिंग काय शिकवणार? शिवाय आल्या आल्या शैला तिला घराच्या मागं घेऊन गेली आणि दोघी खालच्या आवाजात बराच वेळ बोलल्या. मी ओसरीवर पाण्याचा तांब्या धरून बसले. हिरव्या गवताचा कुठं पत्ता नव्हता.

गवत नव्हतंच. घरामागं जुनं खळं होतं, मळणीची गोल जागा. हल्ली मळणी यंत्रावर होते, पण कमलताई खळं दर आठवड्याला शेणानं सारवते, शेंगा आणि मटकी वाळवायला. मधोमध पूर्वी लाकडी मेढ रोवायचे, तिच्याभोवती बैल फिरायचे. मेढीच्या खड्ड्यात आता एक पत्र्याचा डबा पुरलेला. तेच भोक. मी चेंडू ठेवून हलकेच ढकलला तर तो डब्याला वळसा घालून थेट कडेच्या दगडांवर जाऊन आदळला. इतकं गुळगुळीत ग्रीन मी पुण्यातही पाहिलेलं नाही.

कमलताईनं माझ्या हातातला पटर काढून घेतला आणि चपला काढायला लावल्या. "डब्याभवती फिरा. तळव्याला कळतं का बगा, खालती कुठं हाय." मी फिरले. दोन फेऱ्यांत कळलं की जमीन मला दिसत होती तिच्या उलट्या बाजूला उतरते आहे. वीस वर्षं ग्रीनवर बसून तिनं हेच पाहिलं होतं, सकाळचं दव आणि पाइपचं पाणी कुठून कुठं जातं ते. मग तासभर पटर नाहीच. चेंडू हातानं सोडायचा, गोट्या सोडतो तसा, डब्यापाशी जाऊन थांबेल एवढाच.

दुपारी तिनं शेंगोळी केली होती, हुलग्याच्या पिठाची, लसणाचा ठसका असलेली, सोबत बाजरीची भाकरी. जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं की शैला किती वेळा येते. ती म्हणाली, दिवाळीपासून पाच-सहा खेपा झाल्या. शैला मला महिन्यातून दोनदा म्हणाली होती. मी मनात हिशेब केला, जुळला. जुळला म्हणून मला उलट वाईट वाटलं.

संध्याकाळी पटर परत मिळाला, पण नवीन अट घालून. पट मारायचा, मान वर करायची नाही आणि चेंडू कुठं थांबला ते न बघता सांगायचं. लांब, आखूड, डावीकडं, उजवीकडं. मी ठामपणे सांगत होते, आखूड. बघितलं तर हातभर पुढं. डावीकडं म्हटलं तर उजवीकडं. विसातले चार बरोबर आले असतील. शैलाचे पंधराच्या वर. कमलताई हसली नाही, नुसती म्हणाली की सुरुवातीला या बाईंचंही असंच होतं, रोज दहा-दहा करा.

त्या संध्याकाळी लॉजवर परतताना शैला म्हणाली की तक्रार कुणी केली हे तिला माहीत आहे. मी सीटबेल्ट उगाच सैल केला. ती म्हणाली, मंजिरी. मंजिरी म्हणजे आमच्यात नव्यानं खेळायला लागलेली, जरा तोंडानं फटकळ. शैलानं तिच्याशी बोलणं बंद केलं होतं आणि सोमवारी सगळ्यांसमोर ती तिला जाब विचारणार होती. मागच्या दारी कमलताईशी ती तेच बोलत होती आणि गाडीत फोन येत होते ते स्पर्धेच्या बाईंचे. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण अजून माझ्याकडं सातव्या होलवरचं नाणं होतं. ते मी पाहिलं होतं.

शनिवारी कमलताईनं खेळ मांडला. डब्याभोवती वेगवेगळ्या अंतरावर खडूनं नऊ खुणा. प्रत्येकीला एकच चेंडू, चुकला तर परत मारायचा नाही, जिथं थांबला तिथून पुढं. प्रत्येक खुणेवर हरणारीनं पसाभर तुरीच्या शेंगा सोलायच्या. घरी मी पन्नास पट मारते आणि पंचविसाव्यानंतर कंटाळते. इथं नऊच होते आणि प्रत्येकाला तळहाताला घाम येत होता. पाच खुणा हरले, शेंगा सोलून नखं हिरवी झाली. सहावी, सातवी जिंकले. आठव्या खुणेवर माझं नाणं शैलाच्या वाटेत येत होतं. तिनं मला ते पटरच्या तोंडाएवढं बाजूला घ्यायला सांगितलं. घेतलं. तिचा पट चुकला. मी चेंडू ठेवला आणि तीन फुटांचा पट डब्यात घातला. फार बरं वाटलं.

कमलताई ओसरीच्या कडेला बसली होती. म्हणाली, "बाई, नाणं मागं घेतलं न्हाई तुमी."

सरकवलेलं नाणं पट मारण्याआधी मूळ जागी आणायचं असतं. मी म्हटलं घेतलं. तिनं उठून बोट दाखवलं. सकाळीच सारवलेलं खळं, त्यावर नाण्याचे दोन गोल ठसे स्पष्ट होते. एक जुन्या जागेचा आणि एक सरकवलेल्या जागेचा, जिथून मी पट मारला होता. जुन्या जागी चेंडू परत ठेवल्याची कुठलीच खूण नव्हती.

"व्हतं आसं," ती म्हणाली. "ध्यानात ऱ्हात न्हाई."

शैला हसत म्हणाली, "सातव्या होलला तूच मला असं सरकवायला लावलं होतंस. आठवतं? मी पण विसरतच होते. तू पट चुकवून पाय आपटत गेलीस तिकडं, मग मी नाणं जागेवर आणलं."

मला आठवलं. ते तिनं सांगितलं म्हणून नव्हे. माझाच आवाज आठवला, जरा डावीकडं घे ना, म्हणणारा. मग माझा चुकलेला पट, मग राग, मग मी वळून पाहिलेलं नाणं. त्याच्या आधीचं सगळं मी पुसून टाकलं होतं आणि ते करताना मला कळलंही नव्हतं.

आठव्या खुणेच्या शेंगा मी न सांगता सोलायला घेतल्या. नववी खूण खेळलेच नाही, पाय दुखतात म्हटलं.

रविवारी परत येताना निघोजवरून आलो. वाट थोडी वाकडी आहे, रस्ता काही ठिकाणी खराब, पण कुकडी नदीतले रांजणखळगे बघायचे असतील तर हीच वाट. काळ्या खडकात पाण्यानं कोरलेले कुंड, माणूस उभा मावेल एवढे. चांगल्या तळाचे बूट घाला, खडक निसरडे आहेत, कडेला जाऊ नका. शैला झुलत्या पुलावर फोटो काढत होती. ती खाली आली, खडकावर माझ्या शेजारी बसली आणि मंजिरीला सोमवारी नेमकं काय म्हणायचं ते सांगायला लागली. मी तिला थांबवलं.

सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मेसेज मी केला, नाव लपवायला मी सांगितलं आणि इथं मी तुला पकडायला आले.

तिनं फोन पिशवीत टाकला. मला वाटलं होतं ओरडेल. तिनं एवढंच विचारलं, "मला विचारलं का नाहीस?"

विचारलं असतं तर तिनं तिथल्या तिथं आठवण करून दिली असती आणि मग तिचं पटिंग खरंच सुधारलंय एवढंच उरलं असतं. हे मला आत्ता लिहिताना कळतंय. तेव्हा मी नुसतं, चल, उशीर होतोय, म्हटलं.

शिरूरला चहाला थांबलो, तिनं माझ्यासाठी बिनसाखरेचा सांगितला, नेहमीसारखा. पुण्यात मला घरापाशी सोडताना डिकी उघडून माझी बॅग तिनंच काढून दिली आणि गेली.

सोमवारी मी स्पर्धेच्या बाईंना जाऊन भेटले. तक्रार मागं घेतली, ती कुणाची होती हे सगळ्यांना सांगायला सांगितलं आणि मंजिरीला स्वतः फोन केला. तिला तर आपल्यावर शैलाचा संशय होता हेही माहीत नव्हतं. अंतिम सामना शैला हरली, पण पटिंगमुळे नाही.

तुम्ही कमलताईला शोधायला जाऊ नका, तिला ते नको आहे. पारनेरकडं मात्र जरूर जा, डिसेंबर-जानेवारीत. आणि पटिंग घरच्या गच्चीवर, अनवाणी करा. आधी चेंडू हातानं सोडा, मग पटरनं मारा आणि बघायच्या आधी कुठं थांबला ते मोठ्यानं सांगा. रोज दहा पुरेत. कुणासोबत तरी खेळा आणि हरणाऱ्याला घरातलं एक काम लावा. माझे आता विसातले अकरा बरोबर येतात.

बुधवारी आम्ही अजून खेळतो. मला वाटलं होतं शैला येणार नाही, पण पुढच्याच बुधवारी ती वेळेवर आली. गप्पा होतात, नातवंडांचं सांगते, माझा पट पडला तर टाळी देते. फक्त एक गोष्ट नवीन आहे. ग्रीनवर चेंडूमागं नाणं ठेवलं की ती वाकलेलीच राहते, माझ्याकडं मान वळवते आणि अगदी साध्या आवाजात म्हणते, "बघून घे." मी बघितलं असं म्हणेपर्यंत ती चेंडू उचलत नाही.