वेगाचं एकक आणि आमचा घाट

पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्समध्ये मी एकदा आपटले होते. दुसऱ्यांदा आपटले तर सायन्स सोडून आर्ट्‌सला जायचं, असं वडिलांनी ठरवून टाकलं. "जे डोक्यात शिरंना, त्याच्या मागं कशाला पळायचं?" असं ते म्हणाले आणि मी मुकाट मान डोलावली. बाहेर जगाशी भांडणारी मी, त्यांच्यापुढे नेहमीच मांजर. खरं तर मला पळायचंच होतं. ओतूरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र घेतलेल्या आम्ही चारच मुली. त्यांत सगळ्यात जास्त चुका माझ्या आणि विषयावर सगळ्यात जास्त जीवही माझाच.

आमचं घर बैलगाड्याचं, म्हणजे शर्यतीच्या गाड्याचं. यात्रेत चढाच्या रस्त्यावर, ज्याला आम्ही घाट म्हणतो, चार बैल हलका गाडा घेऊन वर सुटतात आणि घड्याळवाला सेकंद मोजतो. जेवतानाही आमच्याकडे हीच बोली: अमक्याचा गाडा बारा सेकंदाचा, आपला साडेअकराचा. जुन्नर-आंबेगावात कुणी गाड्याचा वेग मीटरमध्ये सांगितला, तर लोक त्याला ऊन लागलं समजून सावलीत बसवतील.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते, कडक इस्त्रीचे. पहिलाच प्रश्न आला, "वेगाचं एकक सांगा."

"सेकंद," मी म्हणाले.

तेही इतक्या ठामपणे, की शेजारी बसलेल्या आमच्या सरांनी डोळेच मिटले. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. गेलं सायन्स! पण माझी खोड अशी, की चुकले की मी गप्प बसत नाही, आणखी जोरात बोलते.

"सर, आमच्याकडं गाड्याचा वेग सेकंदातच सांगतात. घाट सगळ्यांना तोच, म्हणजे अंतर तेवढंच. ज्याला सेकंद कमी, तो वेगवान. अंतराला वेळेनं भागलं की मीटर दर सेकंद येईल, पण यात्रेत भागाकार करायला सवड कुणाला आहे?"

परीक्षक हसले. अगदी पोट हलेपर्यंत हसले. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "हा झाला सरासरी वेग. गाडा सगळा वेळ त्याच वेगानं जातो?"

"छे! निशाण पडतं तेव्हा शून्य. मग वाढत जातो. त्वरण!"

"आणि वर पोचल्यावर थांबतो?"

"कसला थांबतोय! रेषा ओलांडून पार पुढच्या वावरात. जडत्व, सर!"

उत्तरं भराभर सुटत होती आणि मला आवरता येत नव्हतं. त्या भरात मीच त्यांना विचारलं, "सर, बैल गाड्याला ओढतो तेवढ्याच जोरानं गाडा बैलाला मागं ओढतो. तिसरा नियम. मग दोघं जागचे हलतात कसे?"

आयुष्यात पहिल्यांदा मी भौतिकशास्त्राला स्वतःहून प्रश्न विचारला होता. परीक्षकांनी माझ्याच प्रॅक्टिकलच्या वहीच्या मागं बैल काढला. तो शेळीसारखा दिसत होता, म्हणून मी पेन घेऊन त्याला वशिंड काढून दिलं. मग त्यांनी खुरांपाशी बाण काढले. ते दोन जोर दोन वेगळ्या गोष्टींवर आहेत, एक गाड्यावर, एक बैलावर. बैल खुरांनी जमिनीला मागं रेटतो आणि जमीन त्याला पुढं. गाड्याच्या ओढीपेक्षा जमिनीचा रेटा जास्त झाला की बैल निघाला.

"म्हणून घाटावर मुरूम टाकून, पाणी मारून दाबतात!" मी जवळजवळ किंचाळले. "खूर घसरला की जमीन ढकलणार कुणाला?"

मग मी हसत सुटले. दाराबाहेर ताटकळलेल्या मुली डोकावून बघायला लागल्या. इतकी खुशीत मी याआधी कधी नव्हते. किती गुण पडले, हे विचारायचंसुद्धा राहून गेलं.

व्हरांड्यात येते तोच वडिलांचा फोन आला.

"झाली का पास?"

"ठाऊक नाय, आप्पा."

"मंग?"

"नापास झाले तरी परत बसंन. पण मी सायन्स सोडणार नाय."

बोलून तर गेले.

"मंग शीक की," ते म्हणाले. "मी आर्ट्‌सला जा म्हणालो, तवाच बोलायचं व्हतंस."