इमानाच्या माळावर मी जीप हाकली

मला गाडी चालवता येते, पण फक्त उजवीकडे.

सरळ चालवून दाखवायची संधी आयुष्यात एकदाच आली होती. तिचं जे झालं त्याला मी, आमचे नानाकाका आणि हुलगे, असे तिघे मिळून जबाबदार आहोत. त्यातल्या त्यात हुलगे जास्त.

नानाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे, दादांचे, धाकटे भाऊ. श्रीरामपुरात आमचं भुसार मालाचं दुकान. काकांनी दुकानात लक्ष घालावं ही दादांची इच्छा, आणि काकांचं सगळं लक्ष नगरच्या लष्करी लिलावात घेतलेल्या जुन्या जीपमध्ये! रस्त्यानं जाणं काकांना कमीपणाचं वाटायचं. रविवार उजाडला की ओढे, नांगरट, बाभळी, जिथं बैलगाडीवालाही दोनदा विचार करेल तिथून जीप घालायची आणि लढाईच्या काळात इंग्रजांनी बांधून टाकून दिलेली विमानतळं शोधायची, हा त्यांचा छंद. एकदा ते 'बॉम्बर विमानाच्या पंख्याचा तुकडा' घेऊन आले. आईनं तो हातात घेऊन उलटसुलट केला.

"भाऊजी, हा पेरणीच्या पाभरीचा फण आहे हो."

काका त्या रात्री जेवले नाहीत.

पण एक विमानतळ मात्र अगदी खरं निघालं. आसपासची माणसं त्याला 'इमानाचा माळ' म्हणायची. दगड आणि डांबराची लांबलचक पट्टी, छप्पर उडालेली एक विटांची खोली आणि एक उंच लोखंडी खांब. वारा कुठून वाहतोय हे विमानवाल्यांना कळावं म्हणून त्याच्यावर कापडी पिशवी फडकायची, असं काका सांगत. पिशवी केव्हाच गेली होती. त्या खांबाला हात लावून उभं राहिल्याशिवाय काका परत निघत नसत.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला जीप चालवायची होती. नुसती हौस नव्हे, ध्यास होता! गावात एकही बाई गाडी चालवत नव्हती आणि ती पहिली बाई मीच असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. क्लच, गिअर, ब्रेक हे सगळं काकांनी मला दुकानामागच्या वखारीत शिकवलं होतं. पण तिथं पोत्यांच्या थप्प्यांमुळे गाडी चार हात पुढे, चार हात मागे एवढीच जायची. दादांना कळलं तेव्हा मी बोलणी खायच्या तयारीनं उभी राहिले. दादा ओरडले नाहीत. त्यांनी व्यापाऱ्यासारखा सौदा टाकला.

"त्या तुमच्या पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ ने आणि मी सांगेन तिथं थांबव. जमलं तर लायसन काढ. नाही जमलं तर हा विषय घरात पुन्हा निघणार नाही."

"दादा, ती तर एका हातानं नेईल," काका म्हणाले. "तिथं आदळायला आहेच काय!"

सत्तर सालची दिवाळी नुकतीच झाली होती. रविवारी आम्ही चौघं निघालो. ओढ्यात जीप अशी उडाली की आईच्या मांडीवरचा दशम्यांचा डबा दादांच्या मांडीवर आणि दादांची टोपी आईच्या डोक्यावर! माळावर पोचलो, मी सुकाणू हातात घेतलं आणि समोर पाहिलं. पट्टीच्या अगदी मधोमध हुलग्याचे वेल पसरले होते आणि त्यावर मळणीसाठी बैलांची पात गोल गोल चालली होती.

"हे काय हो?" काका किंचाळले. "ही धावपट्टी आहे!"

"व्हय, लई झ्याक हाय," पातीमागचा म्हातारा खुशीत म्हणाला. तात्या म्हणत त्याला. "ना सारवाय लागतं, ना चोपाय लागतं. इंग्रजानं आमच्यासाठी खळंच करून ठिवलंय बगा."

मग त्याचं लक्ष जीपकडे गेलं. "देवावानी आलात! बैल लंगडतोय माजा. जरा ह्ये गोल गोल फिरवा की हुलग्यावरनं."

मी दादांकडे पाहिलं. ते नको म्हणतील अशी माझी खात्री होती. पण जन्मभर शेतकऱ्याच्या मालावर दुकान चालवलेला माणूस तो! खळ्यावर कुणी हातभार मागितला आणि आपण पाठ फिरवली, हे त्यांच्यानं होणारच नव्हतं.

"फिरव गं," ते म्हणाले. "सराव होईल. सरळ नंतर चालव."

मी गाडी पुढे घेतली तोच तात्या दोन्ही हात पसरून आडवा आला. "आवो बाई, खळ्यावर पायतान चालत न्हाई!"

आम्ही चपला काढल्या. तरी तो हलेना. तो टायरकडे बघत होता.

"त्ये काय काढता येणार?" काकांनी कपाळाला हात लावला. (रागावले की काकाही गावच्या बोलीत यायचे.)

"मग धुवा."

आईनं भरून आणलेलं पिण्याचं पाणी चारही टायरवर गेलं. तात्यानं बॉनेटला हळद वाहिली. मग मी अनवाणी पायांनी, तापलेल्या क्लचवर, उजवीकडे वळत सुटले. तात्या मधोमध उभा राहून जीपला बैलासारखा चुचकारत होता. "चल माज्या राजा! हाऽ, असंच!" मी जवळून गेले की तो मडगार्डवर प्रेमानं थाप मारायचा. हळू केलं की ओरडायचा, "थांबू नगा, लई ग्वाड मळतंय!"

एवढ्यात बातमी वस्तीवर पोचली. बायकामाणसं भारे डोक्यावर घेऊन पळत आली. "बाई, आमचं बी!" "आमचं थोडंच हाय!" मी फिरतेय, वेल वाढतायत, दादा शेजारी बसून "कडेचं राहिलं बघ" असं सांगतायत (परीक्षक म्हणून बसलेला माणूस!), आई उन्हात डोक्यावर पदर घेऊन हुलगे निवडायला बसलेली, आणि काका एकटेच रडकुंडीला येऊन म्हणतायत, "अरे, इथनं विमानं उडायची रे!"

सगळ्यांचं झाल्यावर पट्टी झाडून मोकळी केली. अख्खी वस्ती माझी परीक्षा बघायला कडेनं उभी राहिली. दादा ताठ बसले आणि म्हणाले, "चल. सरळ."

मी गिअर टाकला. जीप उजवीकडे निघाली.

"सरळ गं!"

"दादा, सुकाणू वळत नाही!"

"ब्रेक!"

ब्रेक मी दाबला. देवाशप्पथ दाबला. पण टायरखाली होते झाडूनही उरलेले हुलग्याचे गोटीसारखे दाणे. जीप त्यांच्यावरून संथपणे, कसलीही घाई न करता, घसरत गेली आणि अख्ख्या माळावर आदळण्यासारखी जी एकमेव वस्तू होती, तिच्यावर आदळली.

खांब हळूच कलला आणि पडला. आवाजही फारसा झाला नाही. काका चालत गेले आणि आडव्या पडलेल्या खांबाला हात लावून उभे राहिले. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

नंतर त्यांनी जीपखाली शिरून सुकाणूच्या दांड्याला गुंडाळलेले वेल ओढून काढले. एका वासराची वैरण निघाली! दादांनी ती पाहिली, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि सौद्यात कधी मागे न हटणारे दादा त्या दिवशी मागे हटले.

"तुझी चूक नव्हती. पुढच्या वर्षी येऊ, पट्टी मोकळी असताना."

तात्यानं खळ्यावरचा वाटा म्हणून सूपभर हुलगे आईच्या पदरात घातले.

पुढच्या वर्षी पाऊस रुसला, दुकानाची ओढाताण झाली आणि माळावर जायचं राहूनच गेलं. त्याच्या पुढच्या वर्षी तर हुलगेही उगवले नाहीत. आम्ही माळावर गेलो तेव्हा पट्टी खरोखरच मोकळी होती, पण ती पट्टी नव्हती. दुष्काळी कामावरची माणसं तिचे दगड उपटून खडी फोडत बसली होती. त्यांच्यात तात्याही होता. त्यानं ओळखलं, हातोडी खाली ठेवली आणि म्हणाला, "बाई, औंदा काय न्हाई बगा फिरवायला."

दादा जीपमधून उतरलेच नाहीत. तिथूनच हळू आवाजात म्हणाले, "आता कुठं चालवशील गं?" दुसऱ्या रस्त्यावर चालवते, असं मी म्हणायला हवं होतं. पण समोर ती माणसं खडी फोडत असताना लायसनचं तोंडातून निघेना. त्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं, काकांनी जीप विकली, आणि मला सरळ चालवताना न बघताच दादा गेले. ते मला अजून लागतं.

माझ्या ड्रायव्हिंगची कमाई म्हणजे ते सूपभर हुलगे. आईनं त्यांचे शेंगोळे केले होते. पीठ मळून, वळून, गोल केलेले, लसणाच्या रश्श्यात उकळलेले. दादा दोनदा मागून जेवले होते.

आता माझी लेक गाडी चालवते. नगरपर्यंत नाकासमोर नेते आणि मी शेजारी बसून उगाच ब्रेक दाबते. परवा मी शेंगोळे करत होते, तर ती परातीकडे बघून म्हणाली, "आई, सगळे एकाच बाजूला कसे गं वळलेत?"

म्हटलं, "गप बस. सरळची परीक्षा माझी अजून व्हायची आहे."